हूवर: एक कार्ड, दोन हिशेब

प्रश्न असा आला आहे: "जे. एडगर हूवर ४८ वर्षं एफबीआयचा प्रमुख होता. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये त्याला आधुनिक तपासयंत्रणेचा शिल्पकार म्हटलंय, दुसरीकडे वाचलं तर तो राष्ट्राध्यक्षांनाही धमकावणारा ब्लॅकमेलर. तुम्ही खात्यात होता. नक्की काय मानायचं? आणि आपल्याकडे असा माणूस तयार होऊ शकतो का?"

आधी माझी ओळख. तीस वर्षं नोकरी झाली. पहिली नऊ अंगुली मुद्रा केंद्रात, ठसे जुळवण्यात गेली. उरलेल्यातली बरीचशी जिल्हा विशेष शाखेत, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'गोपनीय' म्हणतात तिथे. हूवरची दोन्ही कामं मी लहान प्रमाणावर केली आहेत असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच 'त्याचं चांगलं इतकं, वाईट इतकं, वजाबाकी करा' हा हिशेब मला पटत नाही. दोन्हींची हत्यारं एकच होती.

ते हत्यार म्हणजे कार्ड. पुठ्ठ्याचं, हाताएवढं, एका नावाचं.

हूवर १ जानेवारी १८९५ ला वॉशिंग्टनमध्ये जन्मला आणि तिथेच वाढला. रात्रीच्या वर्गात कायदा शिकत असताना दिवसा तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरी करायचा. लाखो पुस्तकांतून हवं ते एक पुस्तक दोन मिनिटांत कसं सापडतं, हे त्याने तिथे पाहिलं. १९१७ मध्ये न्याय खात्यात लागला. जून १९१९ मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, पामर यांच्या घरावर बॉम्ब फुटला. त्यानंतर खात्यात 'जहाल' लोकांवर नजर ठेवणारा विभाग निघाला आणि त्याचा प्रमुख नेमला गेला २४ वर्षांचा हूवर. ग्रंथालयातली पद्धत त्याने माणसांना लावली: नाव, संघटना, गाव, कोण कोणाला भेटतो, कोणतं पत्रक वाचतो. दोन वर्षांत लाखो कार्डं जमली.

त्या कार्डांवरून २ जानेवारी १९२० च्या रात्री तिसाहून अधिक शहरांत छापे पडले. हजारो लोक उचलले गेले, त्यांतले कित्येक वॉरंटशिवाय. कोणी सभेला आला होता, कोणी त्या इमारतीत इंग्रजीच्या वर्गाला बसला होता. त्यांना हद्दपार करण्याचा अधिकार मात्र न्याय खात्याकडे नव्हता, कामगार खात्याकडे होता. तिथे लुई पोस्ट नावाचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी एकेक फाईल स्वतः उघडून वाचली आणि विचारलं, यात पुरावा कुठे आहे? बहुतेक वॉरंटं त्यांनी रद्द केली. त्यांच्यावरच महाभियोग चालवा म्हणून संसदेत ओरड झाली, त्यांनी समितीसमोर जाऊन एकेक उत्तर दिलं आणि ते प्रकरण तिथेच विरलं. हजारोंच्या अटकांमधून शेवटी हद्दपार झाले साधारण साडेपाचशे. हूवरची सगळी कहाणी वाचताना मला हा म्हातारा सारखा आठवतो. फाईल तयार करणारा आणि फाईल वाचणारा वेगवेगळे होते, तोवर व्यवस्था तगली. पुढे हूवरने नेमकी ही फट बुजवली.

आता दुसरी बाजू. मला ती जास्त जवळची आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

१९२४ साली ब्यूरो, म्हणजे न्याय खात्याची तपाससंस्था, जिचं पुढे एफबीआय झालं, वशिल्याचा उकिरडा होता. एजंटचे बिल्ले राजकारण्यांच्या मेहुण्यांना वाटलेले, विरोधी सिनेटरांच्या कार्यालयाची झडती घेण्यापर्यंत मजल गेलेली. नवे अॅटर्नी जनरल हार्लन फिस्क स्टोन यांनी १० मे १९२४ ला २९ वर्षांच्या हूवरकडे कार्यभार दिला. हूवर म्हणाला, राजकारण बाहेर ठेवाल, नेमणूक आणि बढती गुणांवरच कराल, तर घेतो. स्टोन म्हणाले, नाहीतर मी दिलंच नसतं. माणसांच्या मतांशी ब्यूरोला देणंघेणं नाही, फक्त कायदा मोडणाऱ्या कृत्यांशी आहे, हीही स्टोन यांची ताकीद होती. हूवरने भराभर माणसं काढली, कायदा किंवा हिशेबशास्त्र शिकलेली मुलं घेतली, तपासणी पथकं फिरवली.

त्याच वर्षी ठशांचा राष्ट्रीय संग्रह झाला. लेव्हनवर्थ तुरुंगातली कार्डं आणि पोलीसप्रमुखांच्या संघटनेकडची कार्डं एकत्र केली, सुरुवातीचा आकडा ८ लाख १० हजारांच्या वर. १९४६ पर्यंत ती १० कोटी झाली.

आणि हे सगळं ज्या पद्धतीने लावलं, ती आली होती कोलकात्याहून. १८९७ मध्ये तिथे ठशांचं जगातलं पहिलं केंद्र निघालं. नाव लागलं एडवर्ड हेन्री या साहेबाचं, डोकं चाललं अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचं. आम्हीही तीच शिकलो. दहा बोटांच्या पाच जोड्या. आजी ज्याला चक्र म्हणायची, ते आमचं व्होर्ल. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, दुसरीत ८, मग ४, २, १. सम बोटांची बेरीज वर, विषम बोटांची खाली, दोन्हींत एक मिळवायचा. झाला अपूर्णांक. एकूण १०२४ खण पडतात आणि समोरचं कार्ड त्यांतल्या एकाच खणात जातं. मग पायावर उभं राहणारं भिंग कागदावर ठेवून, डेल्टापासून, म्हणजे रेषांचा तिठा होतो तिथून, ठशाच्या गाभ्यापर्यंत सुईच्या टोकाने रेषा मोजायच्या. दुपारपर्यंत डोळे पाणावायचे. पण मुंबईत सापडलेला 'रमेश' हा सोलापूरचा फरारी 'सुरेश' आहे, हे त्या कार्डाने सांगितलं की अंगावर काटा यायचा. त्याला मारहाण नाही, कबुलीजबाब नाही. कार्ड बोललं.

त्यामुळे हूवरला शिल्पकार म्हणणारे खोटं बोलत नाहीत. १९३२ ची प्रयोगशाळा, १९३५ ची पोलिसांसाठीची अकादमी, सगळ्या देशाची गुन्हे आकडेवारी एका साच्यात, हे खरं काम आहे. थर्ड डिग्रीऐवजी सूक्ष्मदर्शक, हा विचार त्या काळी अमेरिकेतसुद्धा नवा होता.

गुंडांच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, सिनेमांनी ते पुरेसं दाखवलंय. १९३४ मध्ये एजंटांना शस्त्रं आणि अटकेचे पूर्ण अधिकार मिळाले, जुलैमध्ये शिकागोत डिलिंजर हा बँक लुटणारा दरोडेखोर मारला गेला. त्या मोहिमेचा चेहरा झालेला मेल्विन पर्विस हा एजंट पुढच्याच वर्षी नोकरी सोडून गेला. साहेबापेक्षा हाताखालच्याचा फोटो मोठा छापून आला की काय होतं, ते खात्यातल्या कुणालाही विचारा. १९३६ मध्ये एका सिनेटरने भर समितीत हूवरला विचारलं, तू स्वतः किती अटका केल्यास? तीन आठवड्यांत हूवर न्यू ऑर्लिन्सला जाऊन अल्विन कार्पिस या फरारी गुंडाला 'स्वतः' पकडून आला. तिथे बेड्या कुणी नेल्याच नव्हत्या, एका एजंटच्या नेकटायने हात बांधले. कार्पिस पुढे म्हणायचा, सगळं निवल्यावर हूवर कोपऱ्यामागून बाहेर आला. दोघांनाही फुशारकीची सवय होती, तेव्हा ज्याला जे पटेल ते घ्यावं.

प्रसिद्धीचं हे व्यसन तपासालाही नडलं. बँक दरोडा, चोरीची मोटार, फरारी कैदी, असे गुन्हे दरवर्षी मोजता येतात आणि संसदेपुढे बजेट मागताना आकडा वाढलेला दाखवता येतो. संघटित गुन्हेगारीत वर्षानुवर्षं खपावं लागतं आणि हाती काही लागेलच असं नाही. हूवर कित्येक वर्षं म्हणत राहिला की देशव्यापी माफिया वगैरे काही नाही. १४ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अपालाकिन गावी एका बंगल्यासमोर मोठमोठ्या मोटारी उभ्या दिसल्या आणि तिथल्या साध्या राज्य पोलिसांना संशय आला. नाकाबंदी केली तर देशभरातले डॉन रेशमी सूट घालून रानात पळत सुटले. त्यानंतर हूवरची भाषा बदलली. आपल्याकडे वर्षअखेरीला 'उघडकीचं प्रमाण' वाढवायला काय काय करतात ते माहीत असेल, तर यात नवल वाटणार नाही.

आता तुमच्या प्रश्नातला ब्लॅकमेलर.

हूवर कुणाच्या टेबलावर फाईल आपटून धमकी देत नसे. तशी गरजच पडत नसे. एखाद्या सिनेटरबद्दल काही कळलं की एक अधिकारी त्याच्याकडे जाऊन अत्यंत नम्रपणे सांगायचा: आमच्या कानावर अशी गोष्ट आलीय, आम्ही अर्थातच कुठे बोलणार नाही, आपल्याला माहीत असावं म्हणून सांगितलं. झालं. पुढची वीस वर्षं तो सिनेटर ब्यूरोच्या बजेटवर प्रश्न विचारत नसे.

कागद लपवण्याची कला तर त्याच्याकडूनच शिकावी. सरकारी फाईलला नोंद क्रमांक असतो, आणि क्रमांक असला की कोर्ट ती मागू शकतं. म्हणून ब्यूरोत 'फाईल करू नये' असाच एक प्रकार होता. चोरून घरात शिरून केलेल्या झडतीची परवानगी साध्या कागदावर, बिनक्रमांकाची, साहेबाच्या तिजोरीत ठेवायची. तपासणी होऊन गेली की फाडायची. कोर्टात शपथेवर सांगता येतं की फायलींत अशी नोंद नाही, आणि ते शब्दशः खरं असतं! शिवाय 'ऑफिशियल अँड कॉन्फिडेन्शियल' नावाच्या वेगळ्या फायली त्याच्याच कार्यालयात, सेक्रेटरी हेलन गँडी यांच्या ताब्यात.

यात राष्ट्राध्यक्षांना बळी म्हणून दाखवायची पद्धत आहे. ते गिऱ्हाईक होते. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांनी कम्युनिस्ट आणि फॅसिस्टांवर पाळत ठेवायला सांगितलं ते तोंडी. मे १९४० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाला वळसा घालून फोन टॅपिंगची लेखी मुभा दिली. स्टोन यांची १९२४ ची ताकीद इथे संपली, आणि ती संपवली लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने. जॉन्सन यांनी तर सत्तरीच्या सक्तीच्या निवृत्तीतून हूवरला सूट दिली. प्रत्येकाला दुसऱ्याची फाईल हवी होती आणि आपलीही असणार हे प्रत्येकजण ओळखून होता.

कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. किंग यांच्या एका सल्लागाराचा कम्युनिस्टांशी पूर्वी संबंध होता, हे निमित्त. १० ऑक्टोबर १९६३ ला अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी फोन टॅप करायला सही दिली, आधी प्रायोगिक म्हणून, मग फेरविचार करू असं ठरवून. अशा फेरविचाराचं पुढे काय होतं, तुम्हीच ओळखा. हॉटेलांच्या खोल्यांत मायक्रोफोन मात्र ब्यूरोने स्वतःच्याच जोरावर बसवले. शोधायला निघाले परकीय हस्तक, हाती लागलं खाजगी आयुष्य, आणि तपासाचा विषयच बदलला. नोव्हेंबर १९६४ मध्ये हूवर पत्रकारांसमोर किंग यांना देशातला सर्वांत कुप्रसिद्ध खोटारडा म्हणाला. त्याच महिन्यात त्याच्या हाताखालच्या विल्यम सलिवनच्या सांगण्यावरून एका एजंटने विमानाने मायामीला जाऊन एक पाकीट टपालात टाकलं. आत टेप आणि एक निनावी पत्र, कुणी निराश कृष्णवर्णीय अनुयायी लिहितोय असं भासवणारं, मुद्दाम चुका केलेलं. ३४ दिवसांची मुदत आणि आता तुला एकच मार्ग उरलाय असा इशारा. किंग यांनी तो आत्महत्येचा म्हणून वाचला. जानेवारीत ते पाकीट उघडलं त्यांच्या पत्नीने, कोरेटा यांनी.

त्या पत्रावर हूवरची सही नाही. असणारच नाही. खात्यात वरच्याची सही शोधणारा कच्चा असतो. हूवर फक्त शेरे मारायचा, निळ्या शाईत, आणि ती शाई दुसऱ्या कुणी वापरायची नाही. एका साप्ताहिकाने किंग यांना वर्षाचे मानकरी ठरवलं तेव्हा त्याने कागदावर लिहिलं होतं की यासाठी त्यांना बराच कचरा उपसावा लागला असेल. एवढा एक शेरा फिरला की खालच्या शंभर माणसांना काय करायचं ते कळतं. (याच शाईची एक दंतकथा आहे. एका टिपणाचे समास फार अरुंद होते, हूवरने लिहिलं 'बॉर्डर्स सांभाळा', आणि म्हणे एजंटांनी मेक्सिको-कॅनडाच्या सीमेवर गस्त वाढवली. खरी असो नसो, ती माणसं कशी वागत होती हे तीत आलंय.)

पत्रं, अफवा, नवरा-बायकोत भांडणं लावणं, नोकरीवरून काढायला लावणं, या सगळ्याला १९५६ पासून 'कोइंटेलप्रो' असं अधिकृत नाव होतं. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५-७६ मध्ये मोजल्या तेव्हा मंजूर झालेल्या कारवाया २,३७० भरल्या. ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेचा २१ वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या छाप्यात झोपेतच मारला गेला. घराचा नकाशा दिला होता ब्यूरोच्या खबऱ्याने. हेच डावपेच कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेवरही वापरले गेले आणि तेव्हा अनेक उदारमतवादी लोकांनी मान डोलावली, हेही विसरू नये.

आणि तरी साच्यात न बसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत टाकलं, त्याला हूवरने लेखी विरोध केला होता. ही मागणी पुराव्यावर नाही, लोकांच्या आणि राजकारण्यांच्या दबावावर उभी आहे, असं त्याने कळवलं. आणि १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी झडत्या, टपाल उघडणं वगैरेंची एकत्रित योजना आणली, ती हूवरनेच अडवली. लोकशाहीच्या प्रेमापोटी? मला नाही वाटत. सहीशिवाय जबाबदारी घ्यायला तो तयार नव्हता आणि आपल्या हद्दीत दुसरं कुणी नको होतं. पण अडवली हे खरं. मग व्हाइट हाउसने स्वतःची टोळी काढली आणि ती वॉटरगेटला, विरोधी पक्षाच्या कार्यालयात चोरून शिरण्यापर्यंत, जाऊन पोहोचली.

शेवट फायलींनीच केला. ८ मार्च १९७१ च्या रात्री सगळी अमेरिका अली-फ्रेझर यांच्या बॉक्सिंगच्या लढतीला कान लावून बसली असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात आठ सामान्य नागरिकांनी एफबीआयच्या छोट्या कार्यालयाचं दार उचकटलं आणि कागद सुटकेसमध्ये भरून नेले. वृत्तपत्रांत ते छापून आले. एका चिठ्ठीवर 'कोइंटेलप्रो' हा शब्द होता. शेकडो एजंट लावूनही चोर सापडले नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी २०१४ मध्ये स्वतःच नावं सांगितली.

२ मे १९७२ ला हूवर झोपेत गेला. कार्यालय सील करण्याचे हुकूम सुटले, आणि सील झाली फक्त त्याची आतली खोली, जिथे फायली नव्हत्याच. गँडीबाईंनी पुढचे काही आठवडे 'खाजगी पत्रव्यवहार' म्हणून कागद नष्ट केले. १९१८ पासून त्या त्याच्या सेक्रेटरी होत्या. १९७५ मध्ये संसदेच्या समितीसमोर त्या ठामपणे म्हणाल्या, ते सगळं खाजगीच होतं. प्रश्न तिथेच संपला, कारण उलट दाखवायला कागदच नव्हता.

त्याचा ब्यूरोतला उजवा हात टॉल्सन याच्याशी असलेलं नातं, बायकी कपडे वगैरे विचारणारे बरेच असतात. कपड्यांच्या गोष्टीला धड साक्षीदार नाही. लोकांच्या शयनगृहातलं ऐकून फायली करणाऱ्याचं मूल्यमापन त्याच पद्धतीने करायचं तर आपणही त्याच विभागात भरती झालो.

आता आपल्याकडचं. अमेरिकेचा रोग असा, की माणूस हललाच नाही. म्हणून १९७६ मध्ये त्यांनी एफबीआय संचालकाला १० वर्षांची कमाल मुदत घातली. आपला रोग उलटा आहे, माणूस टिकतच नाही. म्हणून आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९७ च्या विनीत नारायण निकालात सीबीआय संचालकाला किमान दोन वर्षं दिली आणि २००६ च्या प्रकाश सिंह निकालात राज्याच्या पोलीसप्रमुखाला. तिकडे छप्पर घातलं, इकडे जोतं. रातोरात साईड पोस्टिंगला जाणारा अधिकारी हूवर होऊ शकत नाही. पण फायलींची बदली होत नाही. आपल्या गुप्तवार्ता विभागाला आजही स्वतःचा कायदा नाही. टॅपिंगवर १९९६ च्या निकालाने पुनर्विलोकन समिती आली, तीत बसतात सरकारचेच सचिव. लुई पोस्टची खुर्ची रिकामी आहे.

एका जिल्ह्यात मी गोपनीयला नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका प्राथमिक शिक्षकाची फाईल आली, दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवायची. उघडली होती अकरा वर्षांपूर्वी, कारण गृहस्थ एका मोर्च्यात पुढच्या रांगेत होते. त्यानंतर प्रत्येक पानावर एकच वाक्य, 'हालचाली सामान्य, नजर ठेवली आहे'. चौकशीला गेलो तर कळलं, माणूस दोन वर्षांपूर्वीच वारला. म्हणजे माझ्या आधीचा माणूस आठ वेळा मृताच्या हालचाली सामान्य असल्याचं कळवत होता. मी मृत्यूच्या दाखल्याची प्रत लावून लिहिलं, 'नस्तीबंद करण्यास विनंती'. फाईल आठ दिवसांत परत आली. समासात पेन्सिलीने तीनच शब्द होते: मुलगा काय करतो?

मी खाली लिहिलं, 'सहकारी बँकेत कारकून', आणि फाईल वर पाठवून दिली.